ऑनलाइन कॅसिनोत बुडालेली रक्कम : फिर्याद कोठे, कशी आणि कोणत्या अपेक्षेने द्यावी

यवतमाळ जिल्ह्यातील वणी, पुसद, दारव्हा, पांढरकवडा अशा निरनिराळ्या ठिकाणांहून वाचक ज्या पृच्छा करतात, त्यांचा तपशील भिन्न असला तरी गाभा बहुधा एकच असतो. कोणी तरी व्हॉट्सॲपवर दुवा धाडला, ‘आयडी’ करून दिली, आरंभी पाचशेचे दोन हजार झाले व ते खात्यात जमाही झाले. मग चुकाऱ्याची रक्कम गेली, त्यापाठोपाठ पीककर्जाची गेली, आणि पडद्यावर लाखोंचा आकडा दिसत असता तो काढू म्हटले तेव्हा ‘आधी कर भरा’ असे उत्तर आले. यानंतरचे प्रश्न तीन असतात. आम्ही जुगारच खेळलो, तेव्हा पोलिसांत गेल्यास आम्हांलाच अटक होईल काय? जावयाचे झाल्यास कोठे जावे? आणि गेलेले पैसे परत मिळतात काय?

आधी भीतीचा प्रश्न

पहिल्या प्रश्नाला विदर्भातीलच एका गाजलेल्या प्रकरणाने उत्तर दिले आहे. २०२३ च्या जुलै महिन्यात नागपूरच्या एका व्यापाऱ्याच्या फिर्यादीवरून नागपूर पोलिसांनी गोंदिया येथील एका सट्टेबाजाच्या घरावर छापा घातला, आणि कोट्यवधींची रोकड व कित्येक किलो सोने जप्त केले. फिर्यादीत नमूद झालेली हानी सुमारे ५८ कोटींची होती, आणि पद्धत हीच, की दुवा पाठवावयाचा, आरंभी जिंकू द्यावयाचे व नंतर सतत हरवावयाचे. तो व्यापारी ज्या ॲपवर स्वतः खेळला त्याच ॲपविरुद्ध तो फिर्यादी म्हणून उभा राहिला, आणि पोलिसांनी त्याची फिर्याद नोंदवून घेतली, ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी.

कायद्याची स्थितीही थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही अमलात आहे. कॅसिनोसंबंधी १९७६ साली केलेला कायदा कधी अमलातच आला नाही, आणि २०२३ साली शासनाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. म्हणजे ‘महाराष्ट्र शासनमान्य कॅसिनो’ नावाची वस्तूच अस्तित्वात नाही. गोव्यात मांडवीच्या पात्रात ज्या नौकांवर कॅसिनो चालतात त्यांना तेथील कायद्याप्रमाणे परवाना मिळतो. परंतु तो त्या जागेपुरता असून, गोव्याचे नाव व नौकेचे चित्र लावून मोबाईलवर खेळविणाऱ्याला त्याचा काडीमात्र आधार नाही. शिवाय २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन खेळांविषयीच्या केंद्रीय कायद्यात, पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटीपर्यंत दंड, आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व पन्नास लाखांपर्यंत दंड, अशी तरतूद आहे. केवळ खेळणाऱ्यास मात्र त्या कायद्याने शिक्षा सांगितलेली नाही.

एक अपवाद मात्र आहे. ज्यांनी कमिशन घेऊन इतरांना ‘आयडी’ वाटल्या, गावात सट्ट्याची लगवाडी-खायवाडी घेतली, किंवा आपले बँक खाते दुसऱ्यास ‘भाड्याने’ वापरावयास दिले, त्यांची स्थिती निव्वळ खेळाडूची राहत नाही. अशा वाचकांनी ठाण्यात जबाब देण्यापूर्वी वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा. परंतु सत्य दडवून ‘मला काहीच ठाऊक नाही’ अशी फिर्याद देऊ नये, कारण खात्यातील जमा-खर्च तुमच्याआधीच बोललेला असतो.

कोणती रक्कम मागता येईल

येथे बहुसंख्य वाचकांची गल्लत होते. पडद्यावर ‘शिल्लक’ म्हणून दिसणारा आकडा आणि तुम्ही प्रत्यक्ष भरलेली रक्कम या दोन अगदी भिन्न वस्तू आहेत. भारतीय करार कायद्याच्या कलम ३० अन्वये पैजेचा करार निरर्थक आहे, आणि पैजेत जिंकल्याचे म्हटलेल्या रकमेसाठी दावा चालत नाही. तेव्हा ‘माझे अकरा लाख जिंकलेले आहेत, ते मिळवून द्या’ अशी मागणी घेऊन गेल्यास कोणतेही न्यायालय मदत करू शकणार नाही. परंतु खोटा खेळ मांडून, खोटा नफा दाखवून व खोट्या करांची भीती घालून तुमच्याकडून जी रक्कम उकळली गेली, ती फसवणुकीने घेतलेली रक्कम होय, आणि फसवणूक हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालील गुन्हा आहे. फिर्याद या दुसऱ्या रकमेची द्यावयाची असते. आपण दीड लाख भरले असून पडद्यावर अकरा लाख दिसत असतील, तर अर्जात दीड लाखच लिहावेत. अकरा लाखांचा उल्लेख केवळ भुलविण्याचे साधन म्हणून करावा.

‘आधी कर भरा’ या मागणीविषयी तर संशयाला जागाच नाही. खेळातील जिंकलेल्या रकमेवर जो आयकर मुळातून कापला जातो, तो देय रकमेतूनच वजा होतो. खेळणाऱ्याने तो आधी वेगळा आणून भरावा, तोही कोणा खासगी इसमाच्या यूपीआय क्रमांकावर, अशी तरतूद कोठेही नाही. ‘खाते पडताळणी शुल्क’, ‘वस्तू व सेवा कर’, ‘रिझर्व्ह बँकेची मंजुरी’ या नावांखाली होणाऱ्या मागण्यांचीही हीच जात आहे. ज्या क्षणी अशी मागणी येईल त्या क्षणी पुढील एक रुपयाही देणे बंद करावे.

पहिले काही तास

तुमची रक्कम जेथे जाते ते खाते बहुधा सूत्रधाराचे नसतेच. कमिशनवर घेतलेल्या खात्यांच्या साखळीतून ती एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून चौथ्यात अशी पळविली जाते, आणि शेवटी रोखीने किंवा आभासी चलनाच्या रूपाने बाहेर पडते. ती साखळीत असेपर्यंतच तिला अडविता येते. म्हणून क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा:

१. प्रथम १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक लावावा. यासाठी आधी पोलीस ठाण्यात जाण्याची गरज नाही. बँकेचे नाव, खाते क्रमांक, व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक (यूपीआयच्या बाबतीत हा बारा अंकी असतो) समोर लिहून ठेवूनच बोलावे. क्रमांक व्यग्र लागल्यास वाट पाहत न बसता थेट संकेतस्थळावर तक्रार भरावी.

२. ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’ या केंद्रीय गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आर्थिक फसवणुकीच्या सदरात तक्रार भरावी. दूरध्वनीवरून तक्रार दिली असल्यास तिचा तपशील येथे चोवीस तासांच्या आत पूर्ण करावा लागतो. मिळालेला पोच क्रमांक कागदावर लिहून ठेवावा.

३. आपल्या बँकेला कळवावे, तेही लेखी. ग्रामीण शाखेत ‘साहेब उद्या येतील’ असे सांगितले गेल्यास ई-मेल करावा, किंवा आवक-जावक विभागात अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यावा.

४. ॲप दुव्यावरून उतरवून घेतले असेल तर फोनचे इंटरनेट तत्काळ बंद करावे, आणि बँकेचे व ई-मेलचे गुप्तसंकेत दुसऱ्या फोनवरून बदलावेत. अशी काही ॲपे केवळ खेळ दाखवीत नाहीत, तर तुमचे लघुसंदेशही वाचतात.

रागाच्या भरात ॲप पुसून टाकणे, त्या इसमाला शिव्या देऊन ‘पोलिसांत जातो’ असे बजावणे, किंवा घरच्यांच्या नजरेस पडू नये म्हणून संभाषण नष्ट करणे, या तिन्ही कृतींनी फायदा होतो तो एकट्या फसविणाऱ्याचाच. पडद्याची, संकेतस्थळाच्या पूर्ण पत्त्याची, टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपवरील नावाची व क्रमांकाची छायाचित्रे दुसऱ्या फोनने काढून ठेवावीत आणि मगच इतर उपाय करावेत. मूळ फोन विकू नये, त्याचा डेटाही पुसू नये. न्यायालयात विद्युत्स्वरूपातील पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते, आणि मूळ साधन हाती असले की ते देणे सुलभ जाते.

ठाण्यातील फिर्याद

१९३० वरील तक्रार ही रक्कम अडविण्याची तजवीज आहे. ती प्रथम खबरी अहवाल नव्हे. तक्रारीचा क्रमांक मिळाला म्हणजे गुन्हा दाखल झाला, अशा समजुतीने अनेक जण महिनोन्महिने स्वस्थ बसतात. रक्कम थोडी असली तरी आपल्या हद्दीच्या ठाण्यात किंवा यवतमाळच्या सायबर पोलीस ठाण्यात लेखी फिर्याद द्यावी. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. एखाद्या चौकीवर तुम्हांला तालुक्याच्या ठाण्याचा रस्ता दाखविला जातो, तेव्हा प्रत्येक वेळी ती टाळाटाळच असते असे नाही.

अर्जाचा मजकूर साधा, कालक्रमाने व अलंकाराविना असावा. नमुन्यादाखल पुढील मसुदा वापरता येईल:

*‘मी, खाली सही करणार, राहणार मौजा ……, तालुका ……, जिल्हा यवतमाळ, लेखी फिर्याद देतो की, दिनांक …… रोजी …… या क्रमांकावरून मला व्हॉट्सॲपवर …… या संकेतस्थळाचा दुवा आला. सदर इसमाने खेळातील जिंकलेली रक्कम केव्हाही काढता येते असे सांगून माझा विश्वास संपादन केला. त्यावर विसंबून मी माझ्या …… बँकेच्या …… शाखेतील खात्यातून सोबतच्या तक्त्यात दर्शविल्याप्रमाणे एकूण रुपये …… भरले. दिनांक …… रोजी रक्कम परत मागितली असता करापोटी आणखी रुपये …… भरण्यास सांगण्यात आले व ते भरूनही रक्कम न देता माझी फसवणूक करण्यात आली. १९३० वरील तक्रारीचा पोच क्रमांक …… असा आहे. तरी गुन्हा नोंदवून, रक्कम ज्या ज्या खात्यांत गेली ती खाती गोठविण्यात यावीत, ही विनंती.’*

सोबत तक्ता जोडावा : तारीख, वेळ, रक्कम, संदर्भ क्रमांक, ज्याला रक्कम गेली त्याचे नाव किंवा यूपीआय पत्ता. तपास अधिकाऱ्याच्या दृष्टीने तुमच्या पाच पानी कैफियतीपेक्षा या एका तक्त्याचे मोल अधिक आहे. बँकेचा शिक्का असलेला खातेउतारा त्याच्यामागे लावावा.

आपले हक्क येथे जाणून असावेत:

- गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. ‘हे आमच्या हद्दीतले नाही’ हे कारण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ पुढे टिकत नाही. उमरखेडचा मुलगा पुण्यात शिकत असता फसला, तर तो पुण्यातच फिर्याद देऊ शकतो.
- खबर विद्युत्मार्गाने पाठविल्यास तीन दिवसांच्या आत सही करावी लागते.
- प्रथम खबरी अहवालाची नक्कल विनामूल्य मिळते.
- ठाण्याने नोंद नाकारल्यास खबरीचा मजकूर लेखी स्वरूपात, टपालाने, जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवावा. तेथेही दाद न लागल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. प्रत्येक पायरीची पोच जपून ठेवावी, कारण मागची पोच पाहिल्याशिवाय पुढची पायरी चढू दिली जात नाही.
- तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीस कळविणे हे पोलिसांवर बंधनकारक आहे.

वकील परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती व दिव्यांग यांना तेथे उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य साहाय्य मिळते. इतरांना उत्पन्नाची मर्यादा लागू आहे. त्यांचा मदत क्रमांक १५१०० आहे. झरी जामणी किंवा मारेगावसारख्या तालुक्यांतील वाचकांनी तालुका विधी सेवा समितीकडे विचारणा केल्यास जिल्ह्याच्या गावची फेरी वाचते.

बँकेकडून काय मिळू शकेल

‘तीन दिवसांत कळविले की बँक पूर्ण रक्कम देते’ असे वाक्य सर्वत्र फिरते, आणि त्याने जितकी निराशा पदरी पडते तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने पडत असेल. मूळ आधार आहे तो रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा. सहकारी बँकांसाठी तसेच आदेश त्याच वर्षीच्या डिसेंबरात निघाले. परंतु ते संरक्षण खातेदाराच्या संमतीविना झालेल्या व्यवहारांना आहे. तुम्ही स्वतः यूपीआयचा गुप्तसंकेत टाकून कॅसिनोच्या खात्यात रक्कम धाडली असेल, तर तुम्ही फसविले गेलात हे खरे असूनही तो व्यवहार त्या परिपत्रकाच्या कक्षेत बसत नाही.

याउलट, ॲप उतरवून घेतल्यानंतर तुमच्या नकळत खात्यातून रक्कम गेली असेल, तर तो व्यवहार संमतीविना झालेला आहे. तुमच्या निष्काळजीपणाविना, तिसऱ्याच कोणाच्या कृत्याने हानी झाली असून ती तीन कामकाजी दिवसांत कळविली तर तुमच्यावर दायित्व नाही. चार ते सात कामकाजी दिवसांत कळविल्यास मर्यादित दायित्व राहते. बँकेने दहा कामकाजी दिवसांत तात्पुरती रक्कम जमा करावी, नव्वद दिवसांत निकाल द्यावा, आणि खातेदाराची चूक शाबीत करण्याचा भार बँकेवर राहावा, असे ते परिपत्रक सांगते. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवीपर्यंतची हानी तुमची, कळविल्यानंतरची बँकेची. म्हणून अर्जात दोन्ही प्रकारचे व्यवहार एकत्र कालवू नयेत. ‘मी केलेले’ आणि ‘मी न केलेले’ असे दोन स्वतंत्र तक्ते करावेत. ही एवढीशी दक्षता न घेतल्याने मिळण्याजोगी रक्कमही नाकारली जाते.

बँकेने तीस दिवसांत उत्तर न दिल्यास किंवा असमाधानकारक उत्तर दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तेथे शुल्क नाही व वकिलाची गरज नाही. जुगाराची रक्कम लोकपाल परत मिळवून देईल असे मात्र समजू नये. त्याची कक्षा बँकेच्या सेवेतील त्रुटीपुरती आहे.

गोठलेली रक्कम हाती कशी येते

पुढील खात्यात तुमच्या रकमेचा काही भाग सापडला, तर तेथे ती अडवून ठेवली जाते. ती आपोआप परत येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ अन्वये सामान्यतः न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, त्यावर तपास अधिकाऱ्याचा अहवाल मागविला जातो, बहुधा बंधपत्र लिहून घेतले जाते, आणि मग न्यायालयाच्या हुकुमावरून बँक रक्कम सोडते. म्हणून किती रक्कम कोणत्या बँकेत, कोणत्या खात्यात अडकली आहे याचा तपशील पोच क्रमांकासह तपास अधिकाऱ्याकडून लिहून घ्यावा. त्या खात्यात दहा फसलेल्यांचे पैसे मिसळलेले असतील, तर रकमेवर इतर दावेदारही उभे राहतात, व विलंब होतो.

किती आशा धरावी? लोकसभेत दिलेल्या माहितीप्रमाणे एकट्या २०२४ साली देशात सायबर फसवणुकीने सुमारे २२,८४५ कोटी रुपये गेले. १९३० शी जोडलेल्या व्यवस्थेने २०२१ पासून २०२५ च्या मध्यापर्यंत वाचविलेली रक्कम पाच हजार कोटींच्या थोडी वर आहे. आभासी चलनात गेलेली, किंवा अनेक महिन्यांपूर्वी गेलेली रक्कम परत येण्याचा संभव अल्प असतो. तरीही फिर्याद द्यावी असे माझे मत आहे, कारण गोंदियासारख्या प्रकरणात मुद्देमाल जप्त होतो तेव्हा त्यावर दावा सांगावयास तुमचे नाव कोठे तरी दप्तरी नोंदलेले असावे लागते.

‘परत मिळवून देतो’ म्हणणारे

रक्कम बुडाल्यावर काही दिवसांतच एखादा ‘सायबर तज्ज्ञ’, ‘दिल्लीचा वकील’ किंवा ‘रिकव्हरी अधिकारी’ फोन करतो. त्याला तुमची नेमकी रक्कमही ठाऊक असते, आणि त्यामुळेच विश्वास बसतो. ती त्याला ठाऊक असते, कारण फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, किंवा तो मूळच्याच टोळीचा असतो. पोलीस, न्यायालय, रिझर्व्ह बँक यांपैकी कोणीही रक्कम सोडविण्यासाठी फोनवरून ‘प्रोसेसिंग फी’ मागत नाही. अशा फोनची नवी तक्रार १९३० वर द्यावी, व आधीच्या फिर्यादीत पुरवणी जबाब म्हणून तो जोडावा.

तुमचेच खाते गोठले असल्यास

आरंभी जे दोन हजार ‘जिंकून’ तुमच्या खात्यात आले, ते बहुधा दुसऱ्याच एखाद्या फसलेल्या मनुष्याचे असतात. त्याने हैदराबादेत किंवा सुरतेत तक्रार दिली की साखळी तुमच्यापर्यंत पोहोचते आणि खाते बंद पडते, पगार व अनुदान अडकते. अशा वेळी बँकेकडून तक्रारीचा क्रमांक, ठाण्याचे नाव व वादग्रस्त रक्कम लेखी घ्यावी; संबंधित ठाण्याला खेळाचा सर्व तपशील व स्वतःच्या फिर्यादीची प्रत ई-मेलने पाठवावी; आणि संपूर्ण खात्याऐवजी केवळ वादग्रस्त रकमेवर रोक ठेवावी, अशी स्पष्ट मागणी करावी.

उसनवारी आणि सावकार

पुष्कळांनी बुडालेली रक्कम भरून काढण्यासाठी शेत गहाण टाकून किंवा ‘खरेदीखत करून दे, पैसे फेडलेस की परत लिहून देतो’ अशा बोलीवर कर्ज काढलेले असते. कॅसिनोवाला दुबईत असेल, सावकार मात्र गावातच असतो, आणि त्याच्याविरुद्धचा उपाय अधिक हातातला आहे. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, २०१४ प्रमाणे परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा आहे. कलम १८ अन्वये, अवैध सावकारीच्या ओघात पंधरा वर्षांच्या आत बळकावलेल्या स्थावर मालमत्तेची चौकशी सहकारी संस्थांचे जिल्हा उपनिबंधक करू शकतात, आणि खरेदीखत अवैध ठरवून जमीन मूळ मालकास परत देण्याचा आदेशही देऊ शकतात. अर्जासोबत सातबारा, फेरफार, खरेदीखताची नक्कल आणि कर्जाची रक्कम हाती आल्याचा व व्याज दिल्याचा जो काही पुरावा असेल तो, मग ती वहीतील नोंद असो वा फोनवरील संदेश, जोडावा.

घरात कोणी या हानीने खचून गेला असेल, रात्रंदिवस गप्प राहत असेल किंवा जीव देण्याची भाषा बोलत असेल, तर हे सर्व अर्ज एक दिवस बाजूला ठेवून आधी १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा विनामूल्य क्रमांक लावावा, तेथे मराठीत बोलता येते. फोन व बँकेचे व्यवहार काही काळ घरातील दुसऱ्या विश्वासू व्यक्तीने सांभाळावेत, आणि १९३० वरील तक्रारही, त्या मनुष्याच्या संमतीने, त्याच्या वतीने तिनेच नोंदवावी.